खंडेनवमीला चाक हलत नाही

रांजणगाव, वाळूज
छत्रपती संभाजीनगर
२० जुलै २०२५

चि. योगिनी,

आशीर्वाद. तू बरी आहेस ना? आठ दिवस तुझं काही कळलं नाही, म्हणून मोठी आई दोनदा विचारून गेली. मी तिला बरी आहे म्हणून सांगितलं, पण मला तरी कुठं माहीत आहे.

फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितोय. पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून डावा कान कधीच गेला, आता उजवाही गेल्यात जमा आहे. तू फोनवर बोलतेस ते तुझा दादा रामहरी मला ओरडून सांगतो, पण तो निम्मंच सांगतो असा मला संशय येतो. पत्रात निम्मं राहत नाही. तू होस्टेलात असताना मी नाक्यानाक्यावरून कार्ड टाकायचो, तसंच हे समज. माझी चौथी इयत्ता तेवढ्यापुरती पुरते.

परवा कडुबा येऊन बसला. ज्याच्या ट्रेलरच्या मागं मोर काढलेला आहे तो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, की तुमच्या कंपनीचा बंदरावर जाणारा सगळा माल आता रेल्वेनं जायचा आहे. मी म्हणालो, कोणी सांगितलं? तर म्हणाला, गेटवर सगळेच बोलतात. "कारभारी, तुमची पोरगीच पुण्याच्या हापिसात त्या खात्याला हाय. इचारून तर बघा."

खरं का गं? मला त्या दिवसापासून जेवण जात नाही. पंचवीस वर्षं ह्या कंपनीचा माल आपलीच लाईन बंदरावर पोचवते. सतरा गाड्या आहेत. तीन रामहरीच्या आणि चौदा बाकीच्यांच्या, एकेकाची एकेक. मेंढरामागं फिरणारी माणसं ही. माझ्या शब्दावर त्यांनी मेंढरं विकली आणि गाड्या घेतल्या. त्या वेळी मी म्हणालो होतो, मेंढरू मरतं, गाडी मरत नाही. आता ते मला रस्त्यात भेटले की माझं तेच वाक्य माझ्यासमोर उभं राहतं.

रेल्वेचं कारण काय, तर म्हणे कार्बन. हे मला काही नवीन नाही. सायलेन्सरमध्ये साठतो, काळाकुट्ट असतो, मग गाडी ओढ धरत नाही. त्यावर इलाज आहे. त्यासाठी एवढी लाईन मोडायची गरज नाही.

जे असेल ते खरं लिही. बाकीच्यांना मी काय सांगू ते पण लिही. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकतोय, रामहरीकडं देत नाही, तो खिशात विसरतो.

तुझा,
आप्पा


पुणे
३ ऑगस्ट २०२५

ती. आप्पांना सा. नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर पाहून होस्टेलचे दिवस आठवले. जेवण सोडू नका. मोठ्या आईला सांगा, मी अगदी बरी आहे.

कडुबाकाकांनी ऐकलं त्यात थोडं तथ्य आहे, पण अजून काहीही ठरलेलं नाही. आपला माल घेणारी परदेशातली गिऱ्हाइकं आता विचारतात, की मालाची ही पेटी, म्हणजे कंटेनर, बंदरापर्यंत आणताना किती धूर हवेत गेला. उत्तर बरं नसेल तर ती दुसरीकडे जातात. रेल्वेनं माल नेला तर तो धूर कितीतरी कमी होतो, म्हणून साहेब लोक तसा विचार करत आहेत.

पण आधी चाचणी होणार आहे. आठ पेट्या रस्त्यानं पाठवायच्या, आठ रेल्वेनं, आणि दोन्हीकडचा धूर आणि वेळ बघायचा. धुरात रेल्वे पुढे राहणार हे उघड आहे. पण वेळेत आपल्या गाड्या पुढे आहेत. आज भरलेली गाडी उद्या बंदरात असते; रेल्वेची पेटी मालधक्क्यावर दोन-दोन दिवस पडून राहते. तेव्हा वेळ हीच आपल्या लाईनची बाजू आहे. ती टिकली तर निम्मा माल तरी रस्त्यावर राहील.

त्यासाठी मला माहिती हवी. गाड्या वाटेत कुठे थांबतात, किती वेळ थांबतात, वर्षातले कोणते दिवस उभ्या असतात. दादाला विचारलं तर तो म्हणतो, आप्पांना विचार. तुमच्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? खरं खरं लिहा, काही झाकू नका. आपल्याच माणसांच्या उपयोगी पडेल.

तुमची,
योगिनी


रांजणगाव
१५ ऑगस्ट २०२५

चि. योगिनी,

आशीर्वाद. तुझं पत्र मी ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. 'आपली लाईन' असं तू लिहिलंस, तिथं कडुबानं मला पुन्हा वाचायला लावलं. बाहेरचा साहेब असता तर असं लिहिता ना.

विचारलंस ते सांगतो. पूर्वी वैजापूरला चहा, येवल्याला जेवण आणि कसाऱ्याच्या घाटाच्या तोंडाशी ब्रेक थंड करायला अर्धा तास. आता समृद्धीवरून सरळ जातात, टपरीसुद्धा लागत नाही. टायर फुटला तर दोन तास. आमच्यात दारू पिऊन कोणी चालवत नाही, हेही लिही. डिझेल काढून विकत नाही, हेही लिही. पावसाळ्यात उभ्या नाहीत, दिवाळीत उभ्या नाहीत. कोणाच्या घरी मयत झालं तर त्याची गाडी दुसरा नेतो.

वर्षातून एकच दिवस उभ्या. खंडेनवमी. त्या दिवशी जॅक, पाने, टॉमी सगळं धुऊन ओट्यावर मांडायचं, गाड्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईस्तोवर किल्लीला हात लावायचा नाही. दुसरे लाईनवाले नारळ फोडून दुपारी निघतात. आपल्यात ते नाही. त्या दिवशी कोणी सोन्याची दोरी बांधून ओढली तरी आमचं चाक हलत नाही. का, ते असू दे. साहेबराव गोदामावर होते तोवर आठ दिवस आधी निरोप धाडायचे, मुंजाबा, नवमी कधी आहे? आणि त्या दिवशीचा माल आदल्या दिवशीच भरून द्यायचे. निवृत्त झाले, उस्मानपुऱ्यात असतात, अजून दसऱ्याला सोनं द्यायला येतात. त्यांच्या जागी आलेल्यांना हे तू समजावून सांग.

तुला आठवतं का, घरातल्या त्या जुन्या स्टेअरिंगला तू हळद लावायचीस? पानं-जॅक सोडून तुला तेच लागायचं. मग त्याच्यामागं बसून तोंडानं हॉर्न वाजवायचीस. ते अजून आहे. मोठी आई पुसून ठेवते.

आणि एक चांगली बातमी. कार्बनचं काम मी करून टाकलं. मेस्त्रीला चार दिवस बसवून सतराच्या सतरा गाड्यांचे सायलेन्सर उतरवले, आतला सगळा कार्बन काढला. घमेल्यानं निघाला. तुझ्या साहेबांना सांग, आमच्या गाड्यांत आता कार्बन उरला नाही. बघायचं असेल तर या म्हणावं.

रामहरी टायर बघायला उद्या पुण्याला येतोय. तुझ्याकडं येईल. त्याच्याजवळ शेंगदाण्याची चटणी दिली आहे. पोचली का ते कळव, वाटेत त्यानंच खाल्ली तर मला कळायला पाहिजे.

तुझा,
आप्पा


पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांना सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. चटणी पोचली, पुरवून पुरवून खाल्ली. दादा येऊन गेला, निवांत बोलणं झालं. तुम्ही दिलेली माहिती फार उपयोगी पडली. गाड्यांचं काम करून घेतलंत ते चांगलंच झालं.

सोबत कानाचं मशीन पाठवते आहे. चांगल्यातलं आहे. सकाळी लावायचं, झोपताना काढायचं. दादा बसवून देईल.

चाचणीच्या तारखा अजून ठरायच्या आहेत. तुम्ही काळजी करू नका, औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
योगिनी


रांजणगाव
८ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनी,

आशीर्वाद. परवा कोजागिरीला तुझ्या बापाचं, पुंजारामचं श्राद्ध झालं. तुझी वाट पाहिली. सुट्टी मिळाली नसेल.

मशीन लावतो. त्यात पंख्याचा आवाज फार येतो आणि माणसाचा कमी, पण तू दिलंय म्हणून लावतो. शहागंजात झेंडू आणायला गेलो तेव्हा लावूनच गेलो होतो, तिथल्या हॉर्नांनी डोकं उठलं.

आता वाईट झालं ते सांगतो. तुझ्या चाचणीचा निरोप कंपनीतून रामहरीला सत्तावीस तारखेला आला. तीस तारखेला संध्याकाळी आठ गाड्या भरायच्या आणि एक तारखेला बंदरात पोचवायच्या. एक तारीख म्हणजे खंडेनवमी. मला वाटलं रामहरी चुकीचं वाचतोय. मी स्वतः कालनिर्णयात बघितलं.

सगळे ओट्यावर जमले. कडुबा म्हणाला, "कारभारी, औंदा येक दिवस आधी पूजा करू. देव काय रागावत नाय. बंदराचं काम गेलं तर पुढल्या साली माळ कुठं घालायची?" मी म्हणालो, देवाचा प्रश्न नाही. मग कशाचा, असं त्यानं विचारलं. मी रामहरीकडं बघितलं. त्याच्या तीन गाड्या, त्यानं काहीतरी म्हणावं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "आप्पा म्हणतील तसं." एवढा आज्ञाधारक तो कधी नव्हता. मला बरं वाटलं.

मी म्हणालो, चाक हलणार नाही. कंपनीला सांगा, तारीख एका दिवसानं पुढं घ्या. रामहरी म्हणाला, सांगतो. मग म्हणाला, ते ऐकत नाहीत.

आठ गाड्या भरून, माळा घालून उभ्या राहिल्या. नवमीच्या दुपारी कंपनीचा एक माणूस येऊन फोटो काढून गेला. मला वाटलं, हौसेनं काढतोय. मी त्याला पेढा दिला. जहाज गेलं. रेल्वेच्या आठही पेट्या त्यावर चढल्या म्हणतात.

हे कोणीतरी बाहेरच्या साहेबानं न कळून केलं असणार. त्याला खंडेनवमी काय ठाऊक. तू त्याला माझं पत्र वाचून दाखव, त्यात सगळं लिहिलं आहे. आणखी एकदा चाचणी घ्या म्हणावं, दुसऱ्या कोणत्याही दिवशी. आमच्या गाड्या उद्या नाही, आजच पोचतील. चौदा जणांची बायकापोरं माझ्या तोंडाकडं बघतात गं. लवकर लिही.

तुझा,
आप्पा


पुणे
३० ऑक्टोबर २०२५

ती. आप्पांना सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले.

निर्णय झाला आहे. एक जानेवारीपासून बंदराचा सगळा माल रेल्वेनं जाईल. पुन्हा चाचणी होणार नाही. मी प्रयत्न केला. तारीख वरून आली होती, माझ्या हातात नव्हती.

आणखी एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. साहेब ज्याला कार्बन म्हणतात, तो सायलेन्सरमधली काजळी नव्हे. डिझेल जळलं की जो वायू निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, तो साफ करता येत नाही. त्यानं हवा तापते. गाडी कितीही चांगली ठेवली तरी तो निघतोच. रस्त्यानं एक पेटी नेताना जेवढा निघतो, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यात रेल्वे तीच पेटी नेते. आप्पा, हे खोटं नाही. आपल्याकडे मे महिन्यात जनावरं झाडाखाली उभी राहून धापा टाकतात, ते तुम्ही माझ्याहून जास्त बघितलंय. कधीतरी कोणाला तरी थांबावं लागणारच होतं.

रागवा, पण उपाशी राहू नका.

तुमची,
योगिनी


रांजणगाव
१२ जानेवारी २०२६

योगिनी,

तुझ्या मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण मला राग नव्हता. लाज वाटत होती. घमेल्यानं कार्बन काढून मी सगळ्यांना सांगत फिरलो आणि तू लिहिलंस, चांगलंच झालं. मग तुझं म्हणणं मी मोठ्या आईला समजावून सांगितलं, की न दिसणारा वायू असतो, त्यानं ऊन वाढतं. ती म्हणाली, पोरगी सांगते तर असेल. मीही तेच धरलं. काम गेलं तर गेलं, पण पोरीनं आपल्यासाठी प्रयत्न केला, हे धरून मी दोन महिने काढले.

एक तारखेपासून चौदा गाड्या उभ्या आहेत. रामहरीच्या तीन मात्र पळतात. कंपनीतून पेट्या उचलायच्या आणि जालन्याकडच्या मालधक्क्यावर रेल्वेला नेऊन द्यायच्या, एवढं काम रस्त्यावर उरलं, आणि ते त्याला मिळालं. मी विचारलं, तुलाच कसं? तो म्हणाला, नशीब.

काल कडुबा आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. मोठी आई पाणी घेऊन आली तर त्यानं तांब्याला हात लावला नाही. पन्नास वर्षांत तो माझ्या दारातून पाणी न पिता गेला नाही. त्याच्याजवळ दोन कागद होते. चौघं मिळून कंपनीत विनवायला गेले होते, तिथल्या एका कारकुनाला दया आली आणि त्यानं काढून दिले.

पहिला कागद रामहरीच्या कामाचा. चौथी शिकलेल्या माणसाला तारीख वाचता येते. १२ सप्टेंबर. चाचणीच्या आधी अठरा-एकोणीस दिवस. खाली रामहरीची सही, आणि त्याच्या शेजारी तुझी. तुझी सही मी ओळखतो, तुझ्या शाळेच्या वहीवर तू ती गिरवायचीस. दोन दिवसांनी तू मला लिहिलंस, तारखा अजून ठरायच्या आहेत. आणि मशीन पाठवलंस.

दुसरा कागद इंग्रजी. कडुबाची पुतणी श्रेया कॉलेजात आहे, तिनं तो मला माझ्याच ओट्यावर मराठीत सांगितला. वर माळा घातलेल्या गाड्यांचा फोटो. खाली लिहिलंय, की ह्या वाहतूकदारांवर वेळेसाठी भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यांचेच वडीलधारे लेखी कळवतात, की सोन्याची दोरी बांधून ओढलं तरी त्यांचं चाक हलत नाही.

ते मी तुला लिहिलं होतं. कंपनीला लिहिलं नव्हतं.

कडुबा एवढंच म्हणाला, "कारभारी, तुमी आमाला थांबवलं, आन तुमचा पोरगा पळतोय. आता लोकानं काय समजावं?" मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं.

तुमचं मशीन डब्यात घातलं आहे. ऐकायचं काही राहिलं नाही. माझं ते पत्र मला परत पाठव.

मुंजाबा


पुणे
२५ जानेवारी २०२६

ती. आप्पा,

आता काही झाकत नाही.

ऑगस्टमध्ये दादा चटणी घेऊन आला तेव्हा तुमचं पत्र माझ्या टेबलावर होतं. तो म्हणाला, योगे, खरं सांग, लाईन वाचते का? मी म्हणाले, नाही. चाचणीत गाड्या वेळेत जिंकल्या तर रेल्वेचं वर्षभर रखडेल, मग काम जाईलच. परदेशची गिऱ्हाइकं थांबणार नाहीत. तो म्हणाला, मग वर्षभर रखडवून काय करायचं? मालधक्क्याचं काम तीनच गाड्यांचं आहे, ते मला दे. बाकीचे चौदा जण त्यावर तुटून पडण्याआधी दे. आणि तुमच्या पत्रावर बोट ठेवून म्हणाला, ही तारीख धर. आप्पा हलू देणार नाहीत. आप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही त्यानंच सांगितलं. पण कागदावर तारीख मी घातली. वरून आली हे खोटं होतं. तुमचं वाक्य अहवालात मी उतरवलं.

मी स्वतःला सांगितलं, की यात खोटं काहीच नाही. गाड्या त्या दिवशी उभ्या राहतात हे खरं, रेल्वेनं धूर कमी होतो हे खरं. वर्षभर आधी सुरू झालं तर तेवढा धूर वाचेल. एका पूजेच्या दिवसासाठी जहाज सोडणारी लाईन, हे मला खरंच पटत नव्हतं. कडुबाकाकाही आधी पूजा करायला तयार होते, असं तुम्हीच लिहिलंत. मग तुमचाच एवढा हट्ट का, हे मला अजून कळत नाही. निदान ते तरी सांगा.

पत्र परत पाठवता येत नाही. ते कंपनीच्या फायलीत लावलेलं आहे. मागितलं, पण देत नाहीत.

योगिनी


रांजणगाव
१६ फेब्रुवारी २०२६

योगिनी,

हट्ट का, ते विचारलंस. सत्तावीस वर्षं तू विचारू नयेस म्हणून मी धडपडलो, आणि विचारलंस ते असं.

तू पाच वर्षांची होतीस. त्या वेळी आमची लाईन नव्हती, आम्ही दोघं भाऊ एका शेठच्या गाड्या चालवायचो आणि किल्ल्या माझ्या ताब्यात असायच्या. खंडेनवमी होती. शेठ स्वतः दारात आला. म्हणाला, मुंजाबा, माल आज निघाला नाही तर जहाज सुटेल. जायची पाळी माझी होती. पण माझ्या दारात पाहुणे होते, पूजा मांडलेली होती. तुझा बाप स्टेअरिंगला हळद लावत होता. मी म्हणालो, पुंजा, तूच जाऊन ये. किल्ली मी त्याच्या हातात दिली. त्यानं हातसुद्धा धुतले नाहीत, तसाच पिवळ्या हातांनी चढला.

गाडी कसाऱ्याच्या घाटात गेली. ब्रेक लागला नाही. नाशिकच्या दवाखान्यात तो पाच दिवस होता आणि कोजागिरीला गेला. म्हणून श्राद्ध कोजागिरीला घालतो आणि तुला तेवढंच ठाऊक आहे. गाडीचं काही उरलं नव्हतं. स्टेअरिंग मी खांद्यावर घालून आणलं. त्यावर त्याच्या बोटांची हळद होती.

लाईन झाली तेव्हा मी नियम केला. लोकांना सांगितलं, देवाचा आहे. खरं कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या मोठ्या आईला, कस्तुराबाईला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही. तुला सांगितलं असतं तर तू मला आप्पा म्हणाली नसतीस, ही भीती होती. तू ती तारीख निवडलीस तेव्हा ती कोणाची तारीख आहे हे तुला माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळं माहीत नव्हतं. एवढं मी तुझ्या बाजूनं मान्य करतो. पण म्हणून आपली फिट्टंफाट झाली असं मला वाटत नाही. मी भीतीनं लपवलं. तू पत्र मागवून घेतलंस.

रेल्वेचं तू म्हणतेस ते खरं असेल. मी वाईट म्हणत नाही तिला. तू आली असतीस, ओट्यावर बसून ह्या चौदा जणांना सांगितलं असतंस की बाबांनो, हे थांबणार आहे, तीन गाड्यांचं काम आहे, पाळीपाळीनं करा, तर मी स्वतः किल्ल्या गोळा करून तुझ्या हातात दिल्या असत्या. मेंढरं सोडायला लावली तशा गाड्याही सोडायला लावल्या असत्या. माझा शब्द एवढा तरी चालत होता. आता तो चालत नाही.

परवा मी सगळ्यांना बोलावलं. निम्मे आले. मशीन लावलं, कारण ते काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. रामहरी घरात होता, त्याला बाहेर ये म्हणालो, तो आला नाही. मी दोन्ही कागद मधे ठेवले आणि माझ्या मुलाची आणि तुझी सही दाखवली. मग तुझ्या बापाची गोष्ट सांगितली, किल्लीसकट. मला वाटलं मशीन बंद पडलं. मग कडुबा घराकडं तोंड करून म्हणाला, "वयनी, पाणी द्या."

तो प्याला. गाडी त्याची अजून उभीच आहे. विकायला काढली आहे.

रामहरीच्या कागदावर आणखी एक ओळ आहे, ती श्रेयानं मला शेवटी वाचून दाखवली. वर्षाचे सगळे दिवस गाड्या चालू राहतील, कोणताही सण वगळला जाणार नाही. त्याच्या चुलत्याचा दिवस त्यानं सही करून दिला. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण विचारलंही नाही.

तेव्हा यंदाच्या खंडेनवमीला रेल्वे जाईल आणि माझ्या पोराच्या गाड्या तिला माल नेऊन देतील. मी स्टेअरिंग ओट्यावर मांडीन. मोठी आई हळद भिजवून ठेवील. लावायला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी बोलावत नाही आणि दारही लावत नाही.

ते स्टेअरिंग तुझ्या बापाचं आहे.

आप्पा